शेड मागितली, शिलाई मशीन दिलं

नरडाण्याजवळच्या नऊ बायांवर अन्याय झाला. गेल्या हिवाळ्यातल्या एका बुधवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, धुळ्यातल्या एका धर्मादाय ट्रस्टच्या हॉलमध्ये झाला. माइक सुरू होता, फोटो काढणारा होता, समोरच्या खुर्च्यांवर माणसं होती. त्या बायांना कोणी मारलं नाही, कोणी शिवी दिली नाही. प्रत्येकीला एकेक शिलाई मशीन दिलं.

त्या नऊ जणींपैकी एकीलाही शिलाई मशीन नको होतं. त्यांनी शेड मागितली होती. तीही फुकट नाही, पैसे परत करायच्या बोलीवर. आणि त्यांना त्या हॉलमध्ये नेणारी मी होते, म्हणून हे लिहायचं माझ्याकडे आलं आहे.

मी जळगावची, पिंप्राळ्यात वाढलेली. मामाचं छपाईचं छोटं दुकान होतं. तिथे लग्नपत्रिका छापल्या जायच्या, दुकानांची बिलबुकं छापली जायची आणि चळवळीची पत्रकंही. शाळेत होते तेव्हापासून मी पत्रकं लिहिते. स्कॉलरशिप अडली, लिही पत्रक. वसतिगृहातल्या जेवणात अळ्या निघाल्या, लिही पत्रक. मामा चष्मा कपाळावर सरकवून कच्चं पान वाचायचा आणि म्हणायचा, "अजून टोचत नाही गं हे. जरा दाब." मी दाबायचे. 'गरीब' होतं तिथे 'पिचलेला' घालायचे, 'एकटी' होती तिथे 'निराधार'. मामा म्हणायचा, आता कसं. असं लिहून आमची बरीच कामं झाली, साहेब लोक टेबलावरून उठून बाहेर आले, हे मी नाकारत नाही. पण हात एकदा त्या वळणाला गेला की दुसरं लिहीत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

शिक्षण संपल्यावर एका लहान संस्थेत कामाला लागले. काम असं होतं की ट्रस्टवाल्यांना जाऊन भेटायचं आणि सांगायचं: तुम्ही दरवर्षी पैसा वाटता, तो वाटला की संपतो. त्यातला थोडा भाग एखाद्या चालत्या कामात लावा. असं काम, ज्यातून चार माणसांचं भलं होतं आणि पैसाही हळूहळू परत येतो. तो परत आला की पुढच्याला द्या. मोठ्या शहरांत याला इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग म्हणतात, त्याची तारांकित हॉटेलात संमेलनं होतात. आम्ही धुळ्या-जळगावात स्कूटरवर फिरून तेच सांगत होतो. ट्रस्टची ठेव कुठे ठेवायची याचे कायदे कडक आहेत, ते मोडा असं मी कोणाला कधी सांगितलं नाही. ठेव आहे तिथे राहू द्या. वाटपाचा जो पैसा आहे, त्यातलाच हिस्सा परतीच्या बोलीवर द्या. तुमच्या सीएला विचारा, धर्मादायच्या ऑफिसात विचारा. विचारणाऱ्याला वाट निघते. विचारायलाच कोणी जात नाही.

खानदेशात ट्रस्टला तोटा नाही. मी इतक्या ऑफिसांत बसले आहे की आत काय असेल ते बाहेरूनच सांगेन. काचेच्या कपाटात सन्मानचिन्हं. भिंतीवर संगमरवरी पाटी, तिच्यावर देणाऱ्यांची नावं, जास्त देणारा वर, कमी देणारा खाली. छताला पंखा, आणि पंख्याच्या प्रत्येक पात्यावर लाल रंगात दात्याचं नाव. एका ठिकाणी पाहुणे आले की पंखा बंद करायचे, कारण फिरत्या पात्यावरचं नाव वाचता येत नाही. मे महिन्यात बंद करायचे. त्या खोलीत घाम पुसत मी 'समाजाचं भलं' या विषयावर अर्धा तास बोलले आहे.

आता त्या बायांचं काम सांगते, कारण तेच कोणी ऐकून घेतलं नाही.

आपल्याकडे केळी आणि कापूस ठिबकवर आहे. ठिबकच्या काळ्या नळ्या काही हंगामांनंतर क्षारांनी तुंबतात. शेतकरी त्या उपटून बांधावर ढीग करतो. मग भंगारवाला वजनावर घेऊन जातो, नाहीतर पेटवून देतात आणि सगळ्या शिवारात काळा धूर पसरतो. या नऊ जणी त्या नळ्या गोळा करायच्या, टाकीत भिजत घालायच्या, धुवायच्या. ज्या नळ्या अजून चालतील त्या जोडून लहान शेतकऱ्याला विकायच्या. वांग्याचा अर्धा एकर असलेल्या माणसाला नवीन ठिबक परवडत नाही, त्याला ही जुनी नळी परवडते. उरलेल्या नळ्यांचे तुकडे करून प्लास्टिकचा दाणा बनवणाऱ्याला द्यायच्या. धंदा चालता होता. घेणारे परत येत होते. पहिला माल विकून दुसरा माल आणण्याइतकं त्यांचं त्यांनी उभं केलं होतं, कोणाकडे हात न पसरता.

त्यांच्यात पुढाकार अक्कांचा. बहुतेक जणी गावाच्या बौद्ध वस्तीतल्या, अक्काही तिथल्याच. पन्नाशीच्या पुढे, आवाज खडा. नळी चांगली की तुंबलेली हे ओळखायची त्यांची रीत मी आयुष्यात विसरणार नाही. नळीचं एक टोक दुमडून बांधायचं. दुसऱ्या टोकाला एकीने सायकलचा पंप लावायचा आणि हवा भरायची. दुसरीने नळीजवळून आपला गाल हळूहळू न्यायचा. ज्या छिद्राशी गालाला वारा लागला नाही, ते तुंबलं. तिथे खडूची खूण. हाताला ते कळत नाही, हात राबून राठ झालेले असतात. गालाला कळतं.

मी करून पाहिलं. मला काहीच लागेना.

"शहरनी पोर शे," अक्का बाकीच्यांना अहिराणीत म्हणाल्या. "गालले पावडर लायेल शे. वारा कसा लागी?"

सगळ्या हसल्या. पंप मारणारी इतकी हसली की पंप सुटला.

अडचण जागेची होती. ते काम एका शेडमध्ये चालायचं, नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीजवळ, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्याला. पाणी होतं, सावली होती, ट्रक दारात यायचा. शेडच्या मालकाने सांगितलं की आता लांबचा करार करा आणि पूर्ण डिपॉझिट भरा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाला. शेड गेली की टाकी गेली. टाकी गेली की धुणं गेलं. धुणं गेलं की नऊ जणी परत भंगारवाल्याकडे रोजाने, त्याच नळ्या निवडायला. त्या वेळी पणाला लागलेलं एवढंच होतं, आणि ते पुरेसं होतं.

ट्रस्ट पैसा लावू शकतो हे मी अक्कांना समजावून सांगत होते. समजवायला पुष्कळ वेळ लागेल असं धरून आले होते. अक्कांनी अर्ध्यात थांबवलं.

"म्हंजे त्या पैसा लावतीन, आम्हू काम लावसूत. आणि पैसा परत देवाना."

"हो."

"मंग यामा समजाडानं काय शे?"

खरंच काही नव्हतं. समजावून सांगण्याची गरज होती ती धुळ्याला.

धुळ्यातल्या त्या ट्रस्टचे सगळ्यात जुने विश्वस्त म्हणजे नाना. कापसाच्या व्यापारातून निवृत्त झालेले, पांढरा शर्ट, बोलणं मृदू. वाईट माणूस असता तर हे लिहिणं सोपं गेलं असतं. त्यांनी मला पाणी विचारलं, चहा विचारला, सगळं ऐकून घेतलं. शेजारी ट्रस्टचे चिटणीस भाऊ बसले होते, फाइलींवर रबर लावत.

"ताई, कळलं," नाना म्हणाले. "पण दिलेलं परत मागायचं म्हणजे सावकारीच झाली की हो."

"व्याज लावू नका, नाना. मुद्दल परत घ्या आणि पुढच्याला द्या."

"आम्हाला वडिलांनी शिकवलं, दान दिलं की वळून बघायचं नाही."

"वळून बघत नाही म्हणून तर दिलेलं कुठे गेलं ते कळत नाही."

भाऊ फाइलीत तोंड घालून हसले. नाना रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "कोणत्या समाजाच्या बाया?"

मी सांगितलं.

"मग तर दिलंच पाहिजे," नाना म्हणाले.

त्या चार शब्दांवर मी तिथेच उठायला हवं होतं. 'दिलंच पाहिजे' यात सगळं होतं. वाणसामानाचा दुकानदार कर्ज मागायला आला असता तर त्याला समाज विचारला असता, पण उत्तर ऐकून 'दिलंच पाहिजे' कोणी म्हणालं नसतं. त्याला विचारलं असतं, धंदा कसा आहे, गिऱ्हाईक कोण, माल कुठून येतो. अक्कांच्या धंद्याबद्दल नानांनी एकही प्रश्न विचारला नाही. मी उठले नाही. मला वाटलं, चला, दार उघडलं.

"दोन पानं लिहून द्या," नाना म्हणाले. "सभेत ठेवतो."

आणि मी लिहिली.

इथे माझा गुन्हा येतो, तो मी मवाळ करून सांगणार नाही. चालत्या धंद्यात पैसा लावा म्हणून सांगायला निघालेली मी, पान समोर आल्यावर पत्रक लिहून बसले. अक्कांचे यजमान कधी आणि कशाने गेले ते लिहिलं. पंप मारणारीला नवऱ्याने टाकलं ते लिहिलं. आणखी एकीच्या घरी दारूवरून काय चालतं, तेही लिहिलं. 'ज्यांच्या ओंजळीत आजवर फक्त कचरा पडला अशा या निराधार भगिनी' हे वाक्य माझं आहे. ते लिहून मी समाधानाने पेन खाली ठेवलं होतं. नळ्या कुठून येतात, कोण घेतं, गिऱ्हाईक परत का येतं, हे दुसऱ्या पानाच्या तळाशी चार ओळींत. शेडचं अगदी शेवटी. पंप आणि गाल यांचा तर उल्लेखच नाही, कारण त्यात रडण्यासारखं काही नव्हतं.

आणि कोणालाही विचारलं नव्हतं. एकीलाही वाचून दाखवलं नव्हतं.

आठ दिवसांनी भाऊंचा फोन आला. "मॅडम, सभेत मंजूर. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं बघा. बुधवारी कार्यक्रम. बायांना घेऊन या, आधारकार्ड आणि दोन फोटो."

मी विचारलं, करार कधी करायचा. ते म्हणाले, ते तिथेच होईल सगळं. मी तेवढ्यावर विश्वास ठेवला. अक्कांना फोन केला. अक्का म्हणाल्या, आम्ही नमुना आणतो, म्हणजे लोकांना दाखवता येईल काम कसं चालतं. त्या दिवशी नऊ जणी एसटीने धुळ्याला आल्या, धुतलेल्या नळीचं एक वेटोळं आणि सायकलचा पंप घेऊन. स्टँडवरून दोन रिक्षा केल्या. दारावरचा शिपाई पंप बघून म्हणाला, "अक्का, पंक्चरचं दुकान टाकायचं का इथं?" अक्का म्हणाल्या, "तुनी सायकल आन, भरी देस हवा." वातावरण असं हलकं होतं, आत जाईपर्यंत.

आत स्टेजवर फलक होता. 'निराधार महिलांना शिलाई मशीन वाटप.' खाली नऊ मशीनं ओळीत, प्रत्येकाला गुलाबी फीत बांधलेली. मशीनच्या लाकडी फळीवर रंगाने लिहिलेलं, कोणाच्या तरी स्मरणार्थ.

मी भाऊंकडे धावले. ते म्हणाले, "मॅडम, सभेत चर्चा झाली. शेड-बिड आपल्याला झेपणारं नाही. आणि मशीन दिलं की ते डोळ्याला दिसतं. दरवर्षी देतोच आपण, यंदा तुमच्या बायांना मिळालं. नशीब समजा."

मला तेव्हाच बायांना घेऊन बाहेर पडता आलं असतं. मी पडले नाही. पाहुणे आले होते, माइक सुरू झाला होता, आणि माझ्या मनात आलं की आज मान ठेवला तर शेडचं बोलणं पुन्हा काढता येईल. हे मनात येणं म्हणजे काय, ते मला आता कळतं. मी पण तिथे मान ठेवायलाच शिकले होते.

सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माझी दोन पानं वाचली. गळा दाटवून, थांबून थांबून. अक्कांचे यजमान कसे गेले ते हॉलमधल्या शंभरेक माणसांनी ऐकलं. नवऱ्याने टाकलेलीने पदर तोंडावर ओढून घेतला. पुढच्या रांगेतली एक बाई हातरुमालाने डोळे टिपत होती आणि त्याच वेळी वळून बघत होती, त्या नऊ जणींत ती कोणती.

मग नावं पुकारणं. एकेक जण वर जायची. टेबलाशी कारकून होता, त्याने अक्कांपुढे न विचारता शाईचं पॅड सरकवलं.

"पेन दे भाऊ," अक्का म्हणाल्या. "सही येस माले."

कागद छापील होता. हे मशीन मी विकणार नाही, गहाण ठेवणार नाही. सही केल्यावर नानांनी मशीनच्या चाकावर हात ठेवला, फोटोवाला म्हणाला, "अक्का, तुमचा हात खाली घ्या. नानांचा वर पाहिजे. हां. इकडे बघा."

अक्कांनी इकडे बघितलं नाही. त्यांनी माइकवाल्या बाईंकडे हात केला. बाईंना वाटलं आभार मानायचे असतील, त्यांनी माइक दिला.

"नाना," अक्का म्हणाल्या, "आम्हू बठ्ठ्या आठे मशीन लेवाले नही उनूत. आम्हले शिवनं येस नही. आम्हले शेड जोयजे. पैसा परत देसूत, कागद करी ल्या."

मशीन नको, शेड हवी, हे हॉलमध्ये सगळ्यांना कळलं. मग नाना, अगदी प्रेमाने, हात जोडून म्हणाले, "अक्का, आज घ्या. शेडचं नंतर बघू. नाही म्हणू नका, देणाऱ्यांचा मान असतो."

टाळ्या वाजल्या. कशासाठी वाजल्या हे वाजवणाऱ्यांनाही सांगता येणार नाही. नळीचं वेटोळं आणि पंप खुर्चीखाली पडून होते, कोणी विचारलं नाही हे काय आहे.

मशीनं न्यायला टेम्पो करावा लागला. भाडं बायांनी भरलं, ट्रस्टची वाहतुकीची तरतूद नव्हती. टेम्पोत मशीनं चढवताना पंपवाली म्हणाली, "आते नळ्यासले झंपर शिवसूत." दोघीतिघी हसल्या. अक्का हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे आल्या.

"हाई तू लिखं?"

"हो."

"माले इचारं का?"

"नाही."

"मना घरमा काय व्हयनं ते माइकवर सांगानं काय काम व्हतं? नळीनं का नही लिखं? पंपनं का नही लिखं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "आम्हले रडकं करं तू. रडकासले कोन पैसा देस? रडकासले मशीन देतस."

ट्रस्ट, संस्था, संमेलनं, अहवाल यांच्यावर मी हजार शब्द खर्च केले असतील. जे घडलं ते एवढ्यात आलं. मी त्यांना रडकं केलं. पैसा लावायचा असतो तो काम करणाऱ्यावर, आणि मी काम झाकून दुःख पुढे केलं, कारण मला तेच लिहिता येत होतं. दुःख वाचून माणूस डोळे पुसतो, खिशातून काढतो, वळून न बघता निघून जातो. शेजारी बसून करार करत नाही.

दोन दिवसांनी मी नरडाण्याला गेले. शेडमध्ये, नऊ मशीनांच्या मध्ये, गोणपाटावर बसून अक्कांनी सांगितलं आणि मी लिहिलं. त्यांनी सांगितलं तेवढंच. कोणती नळी कुठून येते, किती वेळ भिजवायची, कोणत्या गावचं गिऱ्हाईक किती वेळा आलं. शेडला काय लागतं, किती महिन्यांत परत देणार, आणि एखाद्या पावसाळ्यात काम थांबलं तर काय करणार. तेही त्यांनीच काढलं, मला सुचलं नव्हतं. एकीच्याही नवऱ्याचं नाव आलं नाही. शेवटी नऊ जणींसमोर वाचलं. दोन ठिकाणी त्यांनी दुरुस्त केलं.

ती पानं घेऊन मी नानांकडे गेले. महिनाअखेरीला चार दिवस होते.

नानांनी सावकाश वाचलं. चष्मा काढला. "हे आधी का नाही दिलंत?"

"चूक झाली."

"आता यंदाचं वाटप झालं हो."

"हे वाटप नाही, नाना. परतीचं आहे."

त्यांनी पानं टेबलावर सरळ करून ठेवली. मग म्हणाले, "ताई, खरं सांगू? पैसे बुडतील असं मला वाटत नाही. ही बाई बुडवणारी नाही, ते दिसतं. पण समजा ती परत करायला आली. इथे, या ऑफिसात. कुठे बसवायची? पावती कोणती द्यायची? आमच्याकडे पावतीबुक एकच, 'देणगी साभार पोच'. ती पावती फाडली की नाव वार्षिक सभेत वाचावं लागतं. यादीत जातं."

"मग पाटीवर कोरा, नाना," भाऊ म्हणाले आणि मोठ्याने हसले. आपण मोठा विनोद केला असं त्यांना वाटलं.

"त्यांच्याकडून घ्यायचं म्हणजे," नाना म्हणाले, "बरं नाही दिसत."

मी आजवर अनेक ट्रस्टना हा विषय सांगितला. प्रत्येक ठिकाणी मी धरून चालले की यांना पैसा बुडण्याची भीती आहे, आणि ती घालवायला मी कोष्टकं नेली, हमी नेली. त्या दुपारी नानांनी अगदी सरळपणे सांगितलं की त्यांना पैसा बुडण्याची भीती नव्हती. तो परत येण्याची होती. दिलेलं परत आणणारी बाई खुर्चीवर बसते. तिच्या नावाची पावती फाटते. नाव वाचताना तिच्या आधी आणि तिच्या नंतर दात्यांची नावं येतात. देताना वरचा हात नानांचा होता, तो फोटोत आहे. परत घेताना तोच हात खाली येतो. म्हणून मशीनं. मशीन कधी परत येत नाही.

मी म्हणाले, "नाना, तुमची ठेव बँकेत आहे. बँक ती कपाटात ठेवत नाही, कोणाला तरी कर्जाने देते. उद्या शेड घेणारा व्यापारी कदाचित तेच कर्ज घेऊन आला असेल. म्हणजे पैसा तुम्ही लावलेलाच आहे. फक्त कोणाच्या कामात, ते बघत नाही."

नाना म्हणाले, "तुम्ही चांगलं बोलता." चहा आला. मी तो प्यायले नाही, पण एवढ्याने काही होत नाही हे मला ठाऊक आहे.

महिना संपला. शेड सरकी पेंडीच्या व्यापाऱ्याला गेली. मालकाने दोन दिवस जास्तीचे दिले, तेवढा तो तरी वळून बघणारा निघाला. टाकी फोडावी लागली, ती बांधीव होती. नऊ मशीनं एका बाईच्या घरी कोंबली आहेत, विकायची नाहीत म्हणून सही आहे, आणि त्या खोलीत आता तिची सून स्वयंपाकाला जागा शोधते. तिघी भंगारवाल्याकडे रोजाने जातात. अक्का आणि बाकीच्या वस्तीमागच्या मोकळ्या जागेत काम करतात, ड्रमात नळ्या भिजवून. उन्हात नळी कडक होते, मोडते. पावसात काम बंद पडेल. जुनी गिऱ्हाइकं अजून येतात, निम्मी रिकाम्या हाताने जातात. ट्रस्टच्या अहवालात अक्कांचा फोटो छापून आला आहे, हात खाली, नजर दुसरीकडे. खाली लिहिलं आहे, 'स्वावलंबनाकडे वाटचाल'.

मी अजून हेच काम करते. आता पान लिहिलं की ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्यासमोर वाचते, आणि त्यांनी खोडलं ते खोडलेलं राहतं.

आता तुम्हाला सांगते. हे वाचणाऱ्यांत विश्वस्त आहेत, विश्वस्तांचे जावई आहेत, ट्रस्टचे हिशेब तपासणारे सीए आहेत, ज्यांच्या आजोबांचं नाव कुठल्या तरी पाटीवर आहे असे आहेत. खानदेशात दहा घरांत एक तरी ट्रस्ट निघतो. 'छान लिहिलंय' असं मला कळवू नका. तुमच्या ट्रस्टची पुढची सभा कधी आहे ते आज विचारा. वाटपातला एक हिस्सा परतीच्या बोलीवर द्यायचा, हा विषय लेखी द्या. तोंडी देऊ नका, तोंडी विषय चहाबरोबर संपतो. ती सभा तुमच्या हॉलमध्ये घेऊ नका, ज्यांना पैसा देणार त्यांच्या कामाच्या जागी घ्या, आणि त्यांनी काम दाखवेपर्यंत कोणी बोलू नका. करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या एकाच टेबलावर करा. आणि ज्या दिवशी ती बाई पैसे परत घेऊन तुमच्या दारात येईल, त्या दिवशी उठून उभे राहा, तिला खुर्ची द्या आणि तिच्या हातून पैसे घ्या.